आधी पाणी मोजा, मग यंत्र घ्या: आमच्या इमारतीच्या समितीस खुलं पत्र

रहिवासी समितीचे अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी बैठकीत ठराव झाला. गच्चीवर पाणी मऊ करणारं मोठं यंत्र बसवायचं, खर्च 3 लाख 60 हजार, चोवीस घरांत वाटून घरटी 15,000, आणि चेक महिनाअखेरीपर्यंत द्यायचा. हात वर करा म्हटल्यावर माझाही हात अर्धा वर गेला होता. गुडघे दुखत होते, पोहे गार होत होते, बैठक एकदाची संपावी असंच सगळ्यांना वाटत होतं. घरी येऊन ते कोटेशन चष्मा लावून नीट वाचलं आणि हात खाली घ्यायचं ठरवलं. तेवढं कळवायला हे पत्र.

हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्यांसाठी याचा हिंदी मजकूर सूनबाईने नोटीस बोर्डावर लावला आहे. पत्र खुलं ठेवलंय, कारण इंदुरात अन्नपूर्णा, सुदामा नगर, केसरबाग रोड अशा सगळीकडे यंत्र विकणारी मंडळी प्रयोगाची तीच पेटी घेऊन फिरताहेत. इतर इमारतींच्या समित्यांनीही वाचलं तर बरंच.

पहिल्यांदा एक कबूल करते, पाण्याचा त्रास खोटा नाही. चौथ्या मजल्यावरच्या माझ्या घरातच बघा. शॉवरची निम्मी भोकं बुजली आहेत आणि उरलेली वाटेल त्या दिशेला पाणी उडवतात. तोट्यांच्या बुडाशी पांढरी कड धरली आहे. टॉवेल वाळला की पापडासारखा उभा राहतो. गीझरची कॉइल चार वर्षांत दोनदा बदलली. दुसऱ्या वेळी मिस्त्रीने ती बाहेर काढून दाखवली, तर कॉइल दिसतच नव्हती, नुसती चुन्याची काकडी. टाकीच्या तळातून घमेलंभर चुरा निघाला. देवाच्या तांब्यावर रोज घासूनही पांढरे ओघळ राहतात. आणि डाळ! चार शिट्ट्यांत मऊ होणारी तुरीची डाळ बोरिंगच्या पाण्यात सात शिट्ट्यांनंतरही दाणा-दाणा वेगळी. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या सालातल्या आणि पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट बांधून टाकतं, म्हणून ती फुटत नाही. मग आपण चिमूटभर सोडा टाकतो. डाळ शिजते खरी, पण तिच्यातलं ब-1 जीवनसत्त्व त्या सोड्यात जातं.

आमच्या मराठी शाळेच्या पुस्तकात अशा कठीण पाण्याला दुष्फेन म्हणत. फेस न येणारं ते दुष्फेन, येणारं ते सुफेन. शब्द ऐकायला विनोदी, पण काम चोख करतात. साबणाचं रसायन कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतं. बादलीच्या काठावरची ती करडी रेघ, केसांत राहणारा राप, पांढऱ्या शर्टाची कळकट कॉलर हे सगळं त्या साक्याचं काम. अंगाला साबण लावायचा तो आधी पाण्याशी भांडतो आणि त्यातून उरला तर आपल्या वाट्याला येतो.

हे पाणी असं का, याचं उत्तर आपल्या पायाखाली आहे. माळवा काळ्या बेसाल्ट खडकावर बसला आहे. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं, आणि खडकातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत खाली उतरतं. बोरिंग जितकं खोल, तितकं बहुतेक वेळा ते पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं. तापवलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना पुन्हा दगड होऊन बसतो, गीझरमध्ये, इस्त्रीत, चहाच्या पातेल्यात. उकळलेल्या पाण्यात पांढरे कण तरंगतात ते हेच. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना भीती आहे की त्या कणांनी मूतखडा होतो. आजी, जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या कठीणपणाला आरोग्याच्या कारणावरून कुठलीही मर्यादा घातलेली नाही. कण गाळून घ्या आणि पाणी भरपूर प्या. खड्याचा त्रास आधीपासून असेल तर डॉक्टरांना विचारा, यंत्र विकणाऱ्याला विचारू नका.

आता त्या प्रयोगाकडे येते, ज्याला आपण सगळे भुललो.

कंपनीच्या मुलाने दोन पेले मांडले. एकात आपल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडल्या आणि वीज चालू केली. मिनिटभरात आपलं पाणी गटारासारखं तपकिरी-हिरवं झालं, त्याचं मात्र तसंच्या तसं नितळ. “देखिए आंटीजी, आप लोग ये पी रहे हैं.” खोलीत शांतता पसरली. सचिव वहिनींनी तर तोंडाला पदर लावला.

वहिनी, तो रंग पाण्यात नव्हता, कांडीत होता. कांडी लोखंडाची असते. विजेने लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज दिसतो. आपल्या पाण्यात क्षार आहेत म्हणून त्यातून वीज वाहते. त्याच्या बाटलीत आरओचं पाणी होतं, त्यात क्षार जवळजवळ नाहीत म्हणून वीजही वाहिली नाही आणि कांडीही झिजली नाही. मी त्याला म्हटलं, बेटा, तुझ्या पेल्यात चिमूटभर मीठ टाक आणि पुन्हा लाव. तो हसला आणि पेटी आवरायला लागला. मीठ टाकलं असतं तर त्याचंही पाणी तसंच तपकिरी झालं असतं. आपण आमटीत मीठ घालतो, म्हणून आमटी काही विषारी होत नाही. हे मी तिथेच मोठ्याने बोलायला हवं होतं. बोलले नाही, ही माझी चूक.

मग त्याने पेनासारखं मीटर बुडवलं, त्यावर 810 आकडा आला आणि अध्यक्षसाहेबांनी तो वहीत लिहून घेतला. ठराव त्या आकड्यावर उभा आहे. तो आकडा टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून अंदाज. त्यात मीठ आलं, सोडा आला, चुना आला. पेन फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते बघतं, आत कोण बसलंय ते त्याला कळत नाही. कठीणपणा म्हणजे त्यातला फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमचा हिस्सा. तो वेगळा मोजावा लागतो आणि आपण तो मोजलाच नाही. ताप आहे की नाही हे बघायला माणसाचं वजन करावं, तसं झालं हे.

आणि खरी गंमत कोटेशनच्या दुसऱ्या पानावर आहे. लिहिलंय, यंत्र बसल्यावर टीडीएस 100 च्या खाली येईल. हे होऊच शकत नाही. असल्या यंत्रात रेझिनचे बारीक मणी भरलेले असतात आणि त्या मण्यांवर सोडियम बसलेलं असतं. कठीण पाणी त्यातून गेलं की मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. अदलाबदल आहे ही, क्षार कमी होत नाहीत. हिशेबाने 40 ग्रॅम कॅल्शियम गेलं की त्या जागी 46 ग्रॅम सोडियम येतं. म्हणजे टीडीएस उतरायचा सोडून किंचित चढेल. विकणाऱ्याला आपलं यंत्र काय करतं हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक आहे आणि आपल्याला ठाऊक नसावं अशी त्याची इच्छा आहे. दोन्हींतलं कुठलंही खरं असलं तरी तीन लाख साठ हजार त्याच्या हातात देववत नाहीत.

म्हणून मी मोजलं. 1978 साली नर्मदेचं पाणी इंदुरात आलं तेव्हा मी होळकर सायन्स कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. पुढची तीस-बत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंब थेंब मोजून सोडायची काचेची नळी, धरायची हाताची सवय अजून आहे. जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेत परवानगी घेऊन गेले. 50 मिली पाणी, त्यात थोडं अमोनियाचं बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी या रंगाची चिमूट टाकली की पाणी कोकम सरबतासारखं तांबडं होतं. वरून ब्युरेटमधून ईडीटीए नावाच्या रसायनाचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्याने धरलं की एका थेंबासरशी तांबडं पाणी निळं होतं. इतक्या वर्षांनीही तो शेवटचा थेंब पडताना माझा श्वास अडकतो. नेहमीच्या तीव्रतेचं द्रावण असेल तर जितके मिली लागले त्याला 20 ने गुणायचं, की लिटरमागे इतके मिलिग्रॅम कठीणपणा असं उत्तर मिळतं.

हौदात पडण्याआधीच्या नर्मदेच्या नळाला 7.5 मिली लागले, म्हणजे 150. बोरिंगला 27 मिली, म्हणजे 540. आपल्या घरच्या नळाला, म्हणजे हौदातल्या मिसळलेल्या पाण्याला, 20 मिली, म्हणजे 400. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, कठीणपणा 200 पर्यंत चांगला मानतं आणि दुसरं पाणी मिळतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. म्हणजे नर्मदेचं पाणी मर्यादेत आरामात बसतं. बोरिंगचं चालवून घेण्यातलं आहे. आणि आपण करतो काय, तर नर्मदेकाठच्या जलूदहून विंध्याचा घाट चढवून सत्तर किलोमीटरवरून आणलेलं चांगलं पाणी, दारात पोचल्यावर, आपल्याच हाताने बोरिंगच्या हौदात ओततो. मग मिसळलेलं पाणी खराब आहे म्हणून यंत्र आणायला निघतो.

या तीन आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. 150 आणि 540 मिसळून 400 यायचं असेल तर हौदात नर्मदेचा वाटा साधारण 36 टक्के. आपल्या इमारतीत घरटी चार माणसं धरली तर शहाण्णव डोकी, आणि शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर हे नेहमीचं सरकारी माप. त्याच्या 36 टक्के म्हणजे माणशी 48 लिटर नर्मदा रोज आपल्याला मिळतेच आहे. आता त्या 135 ची नेहमीची वाटणी बघा. पिण्याला 5, स्वयंपाकाला 5, भांड्यांना 10, कपड्यांना 20, घर पुसण्याला 10, संडासच्या फ्लशला 30 आणि आंघोळीला 55. पिणं, स्वयंपाक आणि भांडी मिळून 20. आंघोळीतलं गीझरचं गरम पाणी 25 धरा. झाले 45. म्हणजे ज्या ज्या ठिकाणी कठीण पाणी खरा त्रास देतं, डाळीला, चहाला, आरओच्या पडद्याला, गीझरच्या कॉइलला, तिथे तिथे नर्मदा पुरते. आणि फ्लशला, फरशीला, पायावर ओतायच्या गार पाण्याला बोरिंगचं पाणी काहीही त्रास देत नाही. फ्लशला दुष्फेन-सुफेन काय कळणार?

हे मी काही नवीन सांगत नाही. आपल्या इमारतीतल्या निम्म्या बायका नळ येण्याच्या दिवशी खाली जाऊन एक कळशी नर्मदा वेगळी भरून आणतात, डाळीला आणि चहाला. माझ्या सासूबाई तर त्या कळशीला हात लावू देत नसत. जे कळशीने चाललंय तेच नळाने करा, एवढंच म्हणणं आहे.

ते जमेल का? गच्चीवर मी प्लंबर घेऊन गेले होते. (हो, गुडघ्यांसकट.) स्वयंपाकघरांचे उभे पाइप आणि न्हाणीघरांचे उभे पाइप वेगवेगळे आहेत. बिल्डरने हे एक काम नीट केलंय. फक्त वरच्या चारही टाक्या एकाच आडव्या पाइपने जोडल्या आहेत. तो जोड तोडून एक टाकी स्वयंपाकघराच्या पाइपांना द्यायची. नर्मदा एक दिवसाआड येते, त्यामुळे दोन दिवसांचं पाणी साठवायला खाली वेगळी जागा लागेल. जिन्याखालचा जुना दहा हजार लिटरचा हौद, ज्यात सध्या गणपतीचा मंडप आणि कुणाची तरी मोडकी सायकल आहे, तो साफ करून, गळती बुजवून वापरता येईल. छोटी मोटर, एक चढता पाइप, दोन वॉल्व्ह. प्लंबरने तोंडी नव्वद हजार सांगितले. घासाघीस केलेली नाही. गीझरपर्यंत नर्मदा न्यायची तर डक्टमधून नवा पाइप घालावा लागेल, ते काम जास्त किचकट आहे, ते दुसऱ्या टप्प्यात बघू. पहिल्या टप्प्यात घरटी पावणेचार हजार पडतात.

उन्हाळ्यात नर्मदा कमी येते हे मला मान्य आहे. पण तेव्हा बोरिंगही आटतं आणि टँकर येतात, आणि टँकरचं पाणी कुठल्या बोरिंगचं हे देव जाणे. त्या दिवसांत तर वेगळी टाकी जास्तच हवी.

तरीही समितीला यंत्र हवंच असेल तर मिठाचं काय करायचं ते आधी सांगा. रेझिनचे मणी भरले की त्यांना पुन्हा सोडियम द्यायला मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. रोज 13,000 लिटर पाणी 400 कठीणपणाने मऊ करायचं म्हणजे रोज 5.2 किलो कठीणपणा काढायचा. रसायनशास्त्राच्या पुस्तकी हिशेबाने त्याला किमान 6 किलो मीठ लागतं. प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट, कधी अडीचपट लागतं. म्हणजे रोज बारा ते पंधरा किलो, महिन्याला चारशे किलो, पन्नास किलोची आठ पोती. कोटेशनमध्ये दोन पोती लिहिली आहेत. आठ पोती चार मजले कोण चढवणार, लिफ्ट तर मीठ नसतानाच आठवड्यातून एकदा रुसते.

आणि धुतलेलं ते खारट पाणी जाणार कुठे? कोटेशनमधल्या नकाशात ड्रेनचा बाण पावसाचं पाणी जिरवायच्या खड्ड्यात दाखवला आहे. हे वाचून मला खरोखर घाम फुटला. रोजचं पंधरा किलो मीठ त्याच खड्ड्यातून जमिनीत, आणि जमिनीतून आपल्याच बोरिंगमध्ये. काही वर्षांत कठीण पाणी खारटही होऊ लागेल आणि त्या खारटपणाला हे रेझिन काही उपाय करू शकणार नाही. शिवाय आपली माती काळी. तिच्यातली चिकणमाती सोडियमने फुगते, तिचे कण सुटे होतात आणि भोकं बुजतात. जिरवायचा खड्डा मग पाणी जिरवणारच नाही, डबकं होऊन बसेल. यंत्रातलं मऊ पाणी बागेला घातलं तरी हळूहळू तेच. अशोकाची झाडं आणि तळमजल्यावरच्या वहिनींची तुळस बोरिंगच्या पाण्यावर खुशाल आहेत, त्यांना तसंच राहू द्या.

पिण्याचंही बघा. 400 कठीणपणा पूर्ण काढला की लिटरमागे साधारण 184 मिलिग्रॅम सोडियम वाढतं. पिणं आणि स्वयंपाक मिळून तीन लिटर पोटात गेलं तर रोज साडेपाचशे मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 2,000 च्या आत राहायला सांगते. ज्यांच्याकडे आरओ आहे त्यांचं ते गाळलं जाईल. पण आपल्याकडे सात-आठ घरांत अजून नुसतं उकळून, गाळून पितात, आणि त्यांतल्या दोन घरांत डॉक्टरांनी मीठ बंद केलेली माणसं आहेत. आणखी एक, रेझिन जंतू मारत नाही. गढूळ पाणी आलं तर ते मऊ गढूळ पाणी होईल.

विजेची बचत हा कंपनीचा तिसरा मुद्दा होता. चुन्याच्या थरामुळे गीझरचं बिल तीस टक्के वाढतं म्हणे. विजेच्या गीझरची कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिने सोडलेली उष्णता थर ओलांडून शेवटी पाण्यातच जाते, दुसरीकडे जाणार कुठे? बिल फारसं वाढत नाही, कॉइल मात्र आतल्या आत तापून लवकर जळते. गॅस गीझरची गोष्ट वेगळी, तिथे तांब्याच्या नळीवर थर बसला की ज्योतीची उष्णता खरंच वाया जाते. नुकसान आहेच, पण ते कॉइलच्या किमतीत मोजा, बिलाच्या तीस टक्क्यांत नको.

माझ्यावर कुणी हसायच्या आत मीच सांगते, आठ वर्षांपूर्वी मी स्वतः साडेसात हजारांचं चुंबक घेतलं होतं. पाइपला बाहेरून बांधायचं, चुना जमणार नाही, मीठ नको, वीज नको. रसायनशास्त्राची बाई आणि चुंबकाला भुलली! तीन महिन्यांनी आधीचं आणि नंतरचं पाणी मोजलं, ब्युरेटचा आकडा तंतोतंत तोच. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता. ते चुंबक आता फ्रिजवर दुधाचा हिशेब धरून आहे, त्या कामाला उत्तम. म्हणून दुसऱ्याच्या भुलण्याची मला चीड येत नाही. मोजायचं राहून गेलं की मात्र येते.

तोवर घरोघरी काय करावं, हे बैठकीनंतर तिघींनी विचारलं म्हणून थोडक्यात. गीझरचा काटा 50-55 वर ठेवा. पाणी जितकं जास्त तापेल तितका चुना जास्त बसतो, आणि कढत पाण्यात गार मिसळूनच तर आपण आंघोळ करतो. शॉवरची जाळी रात्रभर लिंबाच्या फुलाच्या, म्हणजे सायट्रिक ॲसिडच्या, पाण्यात बुडवून ठेवा. किराणा दुकानात टाटरी मागितली की मिळते. किटली, इस्त्रीची टाकी, वॉशिंग मशीन सगळ्यांना तेच चालतं. कपडे भिजवताना चमचाभर धुण्याचा सोडा आधी पाण्यात टाका, चुना तिथेच खाली बसतो आणि पावडर निम्मी लागते. आमच्या आया हेच करत. बाथरूमसाठी मिळणारं ॲसिड मात्र फरशीवर ओतू नका. चुन्याचा डाग चुनखडीचा आणि आपला कोटा दगडही चुनखडीचाच. ॲसिडला त्यांच्यातला फरक कळत नाही, ते दोघांनाही खातं. दुसऱ्या मजल्यावरच्या मोरीजवळची खरबरीत फरशी बघून या. आणि ॲसिडमध्ये ब्लीच पावडर तर कधीच मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीघरात जिवावर बेतेल.

आता समितीकडे मागणं. चेकची तारीख एक महिना पुढे ढकला. नर्मदा, बोरिंग आणि हौद अशा तिन्ही पाण्यांची तपासणी माझ्या शब्दावर न विसंबता बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घ्या. लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळा आहेत, खाजगीही आहेत. माझा आकडा चुकला असेल तर मी बैठकीत उभं राहून कबूल करीन. कंपनीकडून लेखी घ्या की कठीणपणा किती आहे असं धरून यंत्र सुचवलंय, त्यात रेझिन किती लिटर आहे, किती लिटर पाण्यानंतर ते धुवावं लागेल आणि दर वेळी किती किलो मीठ लागेल. पाणी पूर्ण शून्यावर न आणता थोडं कच्चं पाणी मिसळायचा वॉल्व्ह आहे का तेही विचारा. नाहीतर साबण अंगावरून निघता निघणार नाही आणि मीठही फुकट जाईल. आणि यंत्र येवो न येवो, ड्रेनचा तो बाण आजच्या आज खोडा. त्याला बैठक लागत नाही.

जिन्याखालच्या हौदातली सायकल कुणाची आहे त्यांनी न्यावी. नाहीतर गणपतीच्या मंडपाबरोबर तीही भंगारात जाईल, हे प्लंबरने मला आधीच सांगून ठेवलंय.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी तळमजल्यावर ब्युरेट मांडून बसणार आहे. ज्यांना आपल्या नळाचं पाणी मोजून बघायचंय त्यांनी अर्ध्या लिटरची बाटली आणावी. आणायच्या आधी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, साबणाने नको. नळ दोन मिनिटं वाहू द्या, मग काठोकाठ भरा आणि वर घराचा नंबर व स्वयंपाकघर की न्हाणीघर ते लिहा. शेवटचा थेंब ज्याला टाकायचा असेल त्याला टाकू देईन. मुलांनाही आणा. पोहे या वेळी माझ्याकडून, नर्मदेच्या पाण्यात भिजवलेले.

कळावे, लोभ असावा.

आपली,
चौथ्या मजल्यावरची मास्तरीणबाई
इंदूर